अवकाशातली चौथी सीट

मोठ्या उपग्रहांच्या कडेला उरलेल्या जागेत बसून हौशी माणसांचे छोटे उपग्रह साठाहून अधिक वर्षे अवकाशात जात आले आहेत. त्यांतला एक आपल्या पवईत घडला, एक पुण्यात. या उपग्रहांची आणि ते घडवणाऱ्या बिनपगारी हातांची ही ओळख.

उपनगरात राहणाऱ्याला चौथी सीट म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. तिघांसाठी केलेला बाक असतो, तिघे बसलेलेही असतात. चौथा येतो, नुसती मान हलवतो, आणि ते तिघे काही न बोलता इंचभर सरकतात. त्या इंचभर जागेत अर्धे अंग टेकवून माणूस बोरिवलीहून किंवा मुलुंडहून रोज कामाला जातो. ही जागा रेल्वेच्या कोणत्याही नियमात नाही. ती हक्काची नव्हे आणि तिचे वेगळे पैसेही पडत नाहीत. कोणी सरकले म्हणून ती निर्माण होते, एवढेच.

अवकाशातही अशी एक चौथी सीट आहे. तिच्यावर बसून आजवर कितीतरी उपग्रह वर गेले. त्यांच्यामागे ना मोठी कंपनी होती, ना लष्कर. बनवणाऱ्यांनी ते दिवसभराची नोकरी किंवा कॉलेजचे तास संपल्यावर, रात्री जागून बनवले. त्यांना ‘हौशी रेडिओ उपग्रह’ म्हणतात.

एक डॉलर पंधरा सेंटची स्प्रिंग

पहिली चौथी सीट मिळाली ती १२ डिसेंबर १९६१ रोजी. कॅलिफोर्नियातील व्हँडेनबर्ग तळावरून ‘डिस्कव्हरर-३६’ हा अमेरिकी उपग्रह घेऊन एक अग्निबाण उडाला. त्यात तोल सांभाळण्यासाठी नुसते वजन ठेवायचे होते. त्या निर्जीव वजनाच्या जागी साडेचार किलोची एक पेटी बसवण्याची परवानगी कॅलिफोर्नियातील काही रेडिओवेड्या मंडळींनी मिळवली. पेटीचे नाव होते ‘ऑस्कर-१’. रशियाचा स्पुटनिक अवकाशात जाऊन तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. महासत्ता अवकाशासाठी खजिना रिकामा करत असताना या मंडळींनी आपला उपग्रह घरच्या टेबलावर जोडला. अग्निबाणापासून तो अलग करणारी स्प्रिंग त्यांनी ‘सिअर्स’ या सर्वसामान्यांच्या दुकानातून १ डॉलर १५ सेंटला आणली होती, हा किस्सा हौशी रेडिओच्या जगात आजही आवडीने सांगितला जातो.

ऑस्कर-१ एकच गोष्ट करत असे. मोर्सच्या कडकट्ट भाषेत तो ‘हाय’ म्हणायचा. चार टिंबे, दोन टिंबे, पुन्हा चार, पुन्हा दोन. तारेच्या भाषेत ‘हाय’ म्हणजे नमस्कार तर होतोच, पण तारयंत्रावरची माणसे हसायचे झाले तरी हेच वाजवत. या बोलण्याचा वेग पेटीतल्या तापमानाप्रमाणे बदले. त्यामुळे हाती घड्याळ असलेला कोणीही जमिनीवर बसून अवकाशातल्या त्या पेटीचा ताप मोजू शकत असे. बॅटरी संपेपर्यंत ऑस्कर बावीस दिवस बोलला. २८ देशांतल्या ५७० हून अधिक हौशी मंडळींनी त्याचा आवाज ऐकून तसे कळवले. ऐकण्यासाठी त्यांना कोणी नेमले नव्हते.

हौशी म्हणजे कच्चे नव्हे

मराठी माणसाला ‘हौशी’ या शब्दाचे वजन ठाऊक आहे. आपल्याकडे हौशी रंगभूमी आहे. ऑफिस सुटल्यावर तालमीला जाणारा, स्वतःच्या खिशातून नेपथ्याचा खर्च करणारा आणि राज्य नाट्य स्पर्धेत भल्याभल्यांना घाम फोडणारा नट हौशीच असतो. हौशी रेडिओचे तसेच आहे. जगभर ज्यांना ‘हॅम’ म्हणतात, ती ही मंडळी. प्रक्षेपण करायचे तर त्यांना सरकारची परीक्षा द्यावी लागते. वयाची बारा वर्षे पूर्ण झाली की आपल्याकडे या परीक्षेला बसता येते. पास झाले की परवाना मिळतो, आणि ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होणारे स्वतःचे बिनतारी नावही. दिवंगत पंतप्रधान राजीव गांधी हे असे परवानाधारक हॅम होते, हे पुष्कळांना आठवत असेल.

या हौसेचा एक कडक नियम आहे. तिच्यातून पैसे मिळवायचे नाहीत. जाहिरात, गाणी, धंद्याचा निरोप, यांतले काहीही या लहरींवरून पाठवता येत नाही. दूरच्या माणसाशी बोलणे झाले की त्याला त्याची खूण म्हणून एक छापील कार्ड टपालाने पाठवायचे, ही जुनी रीत. मुंबईत या हौसेचे तीर्थक्षेत्र म्हणजे लॅमिंग्टन रोड. त्या रस्त्यावरच्या दुकानांतून पाव किलो शेंगदाणे घ्यावेत तशा सहजतेने कंडेन्सर आणि ट्रान्झिस्टर खरेदी करणारी माणसे तिथे पिढ्यान्‌पिढ्या येत आली.

अशा माणसांना उपग्रहाची गरज का वाटावी? कारण त्यांच्या लहरींपैकी काही, विशेषतः १४५ आणि ४३५ मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या, जवळपास सरळ रेषेत जातात. मधे डोंगर आला किंवा पृथ्वीची वक्रता आली की संवाद खुंटतो. घाटकोपरच्या गच्चीवरून ठाण्यापलीकडे बोलताना मारामार. पण त्याच लहरी वर पाठवल्या आणि सहाशे-सातशे किलोमीटर उंचीवरच्या एखाद्या यंत्राने त्या झेलून पुन्हा खाली टाकल्या, तर मुंबईचा माणूस गुवाहाटीशी किंवा कोलंबोशी हातातल्या लहानशा यंत्रावरून बोलू शकतो. उंच झाडावर बसलेल्या मित्राने इकडचा निरोप तिकडे ओरडून सांगावा, तसे.

भारताचा हॅमसॅट

भारताने हौशी मंडळींसाठी असा मित्र ५ मे २००५ रोजी वर पाठवला. त्या दिवशी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी ६ हे यान ‘कार्टोसॅट-१’ हा दीड टनाहून जड उपग्रह घेऊन निघाले. त्याच्या सोबत ४२.५ किलोचा ‘हॅमसॅट’ होता. त्यात संदेश झेलून परत पाठवणारी दोन यंत्रे होती. एक भारतीय हौशी मंडळींच्या सहभागाने इथेच तयार झालेले. दुसरे नेदरलँड्‌समधील व्हेनलो इथे अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका हौशी विद्यार्थ्याने बनवलेले. भारतीय अग्निबाण, भारतीय उपग्रह, आणि त्याच्या पोटात एका डच विद्यार्थ्याच्या हातचे यंत्र! मानपान आणि गोपनीयता यांनी भरलेल्या अवकाशाच्या व्यवहारात असे दृश्य विरळाच.

हॅमसॅटला जन्म देण्यामागे हौसेपलीकडचेही कारण होते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानचा जगाशी संपर्क तुटला, तेव्हा योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्ये असलेल्या हौशी रेडिओच्या पथकाने निरोपांची ने-आण सांभाळली होती. त्याआधी २००१ च्या भूजच्या भूकंपातही हॅम मंडळी आपापली यंत्रे घेऊन पोचली होती. जमिनीवरचे खांब कोसळले, तारा तुटल्या, तरी आकाशातले यंत्र शाबूत राहते. हे मुंबईकराला वेगळे सांगायला नको. हॅमसॅट वर गेल्यानंतर तीन महिन्यांच्या आत, २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या रात्री उपनगरांतल्या हजारो घरांत मुका झालेला फोन हातात धरून माणसे बसली होती. फोन मुका होणे म्हणजे काय, हे त्या पिढीला कळून चुकले.

हॅमसॅट नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. जगभरच्या हौशी मंडळींनी तो वापरला. त्यासाठी कोणाला एक पैसाही द्यावा लागला नाही. बॅटऱ्या निकामी झाल्याने ११ जुलै २०१४ रोजी त्याचे काम थांबले.

पवईची नऊ वर्षे

बंगळूरला हॅमसॅट बनवला तो सरकारी अवकाश संस्थेने, हौशी मंडळींना बरोबर घेऊन. उपग्रह विद्यार्थ्यांनीच बनवायचा, ही पुढची पायरी. मुंबईच्या उपनगरात ती पवईला, आयआयटीच्या आवारात चढली गेली. २००७ साली तिथल्या एरोस्पेस शाखेतील विद्यार्थ्यांच्या डोक्यात ही कल्पना आली. नाव ठरले ‘प्रथम’. २००९ साली भारतीय अवकाश संशोधन संस्थेशी, म्हणजे इस्रोशी, रीतसर करार झाला. आणि उड्डाण झाले २६ सप्टेंबर २०१६ रोजी.

मधली नऊ वर्षे हीच या गोष्टीतली खरी गोष्ट आहे. आयआयटीतला पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. म्हणजे २००७ साली पहिल्या वर्षात आलेला विद्यार्थी २०११ साली बाहेर पडला. कोणी परदेशी गेला असेल, कोणी नोकरीला लागला असेल. उपग्रह मात्र अजून प्रयोगशाळेतच होता. त्याने जोडलेले सर्किट त्याच्या धाकट्याने तपासायचे, धाकट्याने लिहिलेला प्रोग्राम त्याच्याही धाकट्याने दुरुस्त करायचा. परीक्षा, व्हायवा, नोकरीच्या मुलाखती यांतून वेळ काढायचा. या कामाचे गुण मार्कलिस्टात धरले जातील अशी खात्री नाही. आणि एक दिवस, आपण ज्याचे उड्डाण पाहणार नाही अशा वस्तूची सगळी माहिती वहीत नीट लिहून ती वही दुसऱ्याच्या हाती द्यायची. वारीत खांद्यावरची पताका पुढच्याच्या हाती देताना वारकऱ्याला पंढरपूर कोण आधी पाहणार याची फिकीर नसते. पण अठरा-वीस वर्षांच्या, चुरशीच्या परीक्षेतून निवडून आलेल्या मुलांना हे साधावे, याचे कौतुक केलेच पाहिजे.

‘प्रथम’ होता दहा किलोचा, साधारण फूटभर बाजूची पेटी म्हणावी असा. त्याला नेमून दिलेले काम मोठे सुंदर होते. पृथ्वीच्या वातावरणाच्या वरच्या भागात सूर्यकिरणांमुळे अणूंपासून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांचा एक थर असतो. त्याला आयनांबर म्हणतात. रेडिओची लहर त्यातून जाताना तिच्या कंपनाची दिशा किंचित फिरते. इलेक्ट्रॉन जितके जास्त, तितकी फिरकी जास्त. आणि ही फिरकी सगळ्या लहरींना सारखी बसत नाही. कमी कंपनसंख्येच्या लहरीला ती अधिक बसते. ‘प्रथम’ने १४५ आणि ४३७ मेगाहर्ट्‌झच्या आसपास दोन लहरी खाली पाठवायच्या, जमिनीवरच्या केंद्रांनी त्यांची फिरकी मोजायची आणि त्यावरून वाटेत किती इलेक्ट्रॉन होते याचे गणित मांडायचे, अशी योजना होती. यासाठी मुंबईसह देशातल्या निरनिराळ्या अभियांत्रिकी कॉलेजांनी आपापल्या गच्चीवर साधी केंद्रे उभारावीत, हाही योजनेचाच भाग होता.

इलेक्ट्रॉन मोजून काय मिळणार, असे कोणी विचारील. हल्ली रिक्षा बोलावताना मोबाइलच्या पडद्यावर आपण शेजारच्या गल्लीत उभे असल्याचे दिसते आणि रिक्षावाला तिकडेच जाऊन थांबतो. या घोळाची कारणे अनेक असतात, उंच इमारतीही असतात. पण वरून येणारी लहर आयनांबरातून येताना रेंगाळते, हे त्यांतले एक. भारताच्या दक्षिण टोकाजवळून चुंबकीय विषुववृत्त जाते. त्यामुळे आपल्या डोक्यावरचे आयनांबर फार चंचल आहे. म्हणूनच तर १९६३ साली केरळातल्या थुंबा या मासेमारांच्या गावाहून भारताचा पहिला अग्निबाण उडाला होता. त्या संशोधनाचाच एक धागा पवईच्या मुलांनी उचलला.

उड्डाणाच्या दिवशी पीएसएलव्ही-सी ३५ वर एकूण आठ उपग्रह होते. मुख्य प्रवासी ३७१ किलोचा ‘स्कॅटसॅट-१’. बाकीच्या सातांत पवईचा ‘प्रथम’, बंगळूरच्या विद्यार्थ्यांचा ‘पायसॅट’, अल्जीरियाचे तीन, कॅनडाचा एक आणि अमेरिकेचा एक. स्कॅटसॅट सुमारे सतरा मिनिटांत आपल्या कक्षेत उतरला. पण बाकीच्यांना दुसऱ्या, कमी उंचीच्या कक्षेत जायचे होते. त्यासाठी यानाचा चौथा टप्पा पुन्हा पुन्हा चालू करावा लागला. सारी मोहीम सव्वादोन तासांची. तोवरच्या पीएसएलव्ही उड्डाणांत ती सर्वांत लांबलेली. एवढा वेळ पवईत जमलेल्यांचे काय झाले असेल याची कल्पना दहावीचा निकाल लागायच्या दिवशी घरात बसलेल्या प्रत्येकाला करता येईल!

‘प्रथम’चे आयुष्य चार महिन्यांचे धरले होते. नऊ वर्षांच्या कष्टावर चार महिने, हा हिशेब कोणाही व्यापाऱ्याला आतबट्ट्याचा वाटेल. पण मुलांनी मोहिमेची जी उद्दिष्टे लिहून ठेवली होती, त्यांत पहिला मान उपग्रहविद्या शिकण्याला होता आणि दुसरा ती शिकलेली माणसे तयार करण्याला. प्रत्यक्ष उड्डाण आणि इलेक्ट्रॉनांची मोजणी त्यानंतर. हा क्रम ज्याने पहिल्यांदा लिहिला, त्याला आपण काय करतो आहोत याची पुरती जाण होती.

पुण्याचा ‘स्वयम्’

त्याच वर्षी, ‘प्रथम’च्या तीन महिने आधी, २२ जून २०१६ रोजी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’ अवकाशात गेला. एका खेपेत वीस उपग्रह नेणाऱ्या पीएसएलव्ही-सी ३४ मधून. वजन सुमारे एक किलो. म्हणजे वाण्याकडच्या साखरेच्या पुड्याएवढा. आकार दहा सेंटिमीटर बाजूच्या घनाचा. हा आकार १९९९ साली अमेरिकेतले दोन प्राध्यापक, बॉब ट्विग्ज आणि जॉर्डी पुइग-सुआरी, यांनी विद्यार्थ्यांसाठी ठरवला. ट्विग्ज यांना तो सुचला लहान मुलांच्या कापडी बाहुल्या ठेवायच्या प्लास्टिकच्या डबीवरून. सगळ्यांनी एकाच मापाचे डबे केले की कोणत्याही अग्निबाणाच्या कोपऱ्यात ते रचून नेता येतात. डबेवाल्यांच्या शहराला यातली सोय लगेच पटावी.

‘स्वयम्’ची करामत दोन प्रकारची. अवकाशात उपग्रह कोलांट्या खात असतो. त्याला सरळ धरण्यासाठी यंत्रे लागतात, त्यांना वीज लागते. पुण्याच्या मुलांनी ते काम चुंबकांवर सोपवले. होकायंत्राची सुई जशी आपोआप उत्तरेकडे वळते, तसा हा उपग्रह पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने आपला आपण वळावा. नाव ‘स्वयम्’ उगाच नव्हते. आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्याचे काम. पृथ्वीवरच्या एका हौशी रेडिओवाल्याचा निरोप घ्यायचा, पोटात जपून ठेवायचा आणि फिरत फिरत दुसऱ्याच्या डोक्यावर आला की द्यायचा. पोस्टमनचेच काम, फक्त सायकल जरा वेगळी.

अशा मोहिमांत अपयशही येते. जगातल्या कितीतरी विद्यार्थी-उपग्रहांनी कक्षेत पोचल्यावर तोंडातून ब्रसुद्धा काढला नाही. भारतातल्या ७५० शाळकरी मुलींच्या सहभागाने बनलेला ‘आझादीसॅट’ ७ ऑगस्ट २०२२ रोजी नव्या एसएसएलव्ही यानाच्या पहिल्याच उड्डाणात वाया गेला, कारण यान ठरलेल्या कक्षेत पोचलेच नाही. पण १० फेब्रुवारी २०२३ रोजी त्याच यानाच्या दुसऱ्या उड्डाणात त्याची दुसरी आवृत्ती कक्षेत पोचली. तिच्यातही हौशी रेडिओची सामग्री होती. आणि उलटेही घडते. १५ नोव्हेंबर १९७४ रोजी उडालेला ‘ऑस्कर-७’ १९८१ साली बॅटरी बिघडून मेला. एकवीस वर्षांनी, जून २००२ मध्ये, तो अचानक बोलू लागला! बॅटरीतला बिघाड बदलून विजेची वाट मोकळी झाली होती. त्यामुळे ऊन पडले की तो जागा व्हायचा आणि सावलीत गेला की झोपायचा. २०२४ साली त्याच्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली, तेव्हाही तो उन्हात बोलत होता.

गच्चीवरून

या उपग्रहांचे दुसरे निम्मे स्वयंसेवक जमिनीवर असतात. ते ऐकतात. कोणत्याही कॉलेजचा उपग्रह सुटला की तो कुठल्या देशावरून आधी जाईल सांगता येत नाही. त्यामुळे पहिला आवाज अनेकदा ज्याची आपली ओळखदेख नाही अशा परक्या माणसाला ऐकू येतो. तो रात्री उठून ते ध्वनिमुद्रण पोरांना पाठवून देतो. ‘तुमचे बाळ रडले, सुखरूप आहे,’ असे सुईणीने सांगावे तसा. त्याच्या बदल्यात त्याला मिळते फक्त एक आभाराचे कार्ड.

ऐकायला फार मोठी सामग्री लागत नाही. शिंप्याची नव्हे, सुताराची पोलादी मोजपट्टी कापून तिचे तुकडे प्लास्टिकच्या नळीवर बसवले की कामचलाऊ अँटेना तयार होते. गंमत म्हणजे पुष्कळ छोट्या उपग्रहांची अँटेनाही मोजपट्टीसारख्याच पत्तीची असते. ती दुमडून बारीक दोऱ्याने बांधतात. कक्षेत गेल्यावर एका तापणाऱ्या तारेने दोरा जळतो आणि पत्ती फटकन सरळ होते.

उपग्रह क्षितिजावर उगवतो, डोक्यावरून जातो आणि दहा-पंधरा मिनिटांत मावळतो. तेवढ्यात काय ते ऐकायचे. जोगेश्वरीच्या फलाटावर उभे असताना विरार फास्ट शिट्टी वाजवत निघून जाते, तेव्हा गाडी जवळ येताना शिट्टी चढी आणि लांब जाताना उतरती ऐकू येते. उपग्रहाचेही तसेच. सेकंदाला साडेसात किलोमीटर या वेगामुळे ४३५ मेगाहर्ट्‌झवरचा त्याचा सूर सुमारे दहा हजार कंपनांनी वर-खाली सरकतो. ऐकणाऱ्याचा एक हात अँटेना धरून आकाशात उपग्रहामागे फिरतो, दुसरा रेडिओची खुंटी फिरवत त्या सूराचा पाठलाग करतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकही १४५.८ मेगाहर्ट्‌झवरून अधूनमधून चित्रे पाठवत आले आहे. रेषेरेषेने उमटणारे ते चित्र पाहणारे लहान मूल जागचे हलत नाही. जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला स्थानकात होते, तेव्हा ते भारतातल्या विद्यार्थ्यांशी बोलले तेही हॅम रेडिओवरूनच.

उपनगरातली खरी अडचण मात्र तांत्रिक नसते. ती असते गच्चीच्या कुलपाची. सोसायटीच्या सभेत ‘अँटेना लावली तर वीज पडेल’पासून ‘आमचा टीव्ही खराब दिसतो’पर्यंत सर्व आक्षेप येतात. दोन बाजूंना चाळीस मजल्यांचे टॉवर उभे राहिले की आकाशाची चिंचोळी पट्टीच उरते. लिफ्टची मोटर, स्वस्त दिवे, मोबाइलचे चार्जर यांचा बिनतारी कचरा त्या पट्टीतही शिरतो.

रिकामी जागा टिकत नाही

याहून मोठा प्रश्न वेगळाच आहे. हौशी मंडळींच्या वाट्याला आंतरराष्ट्रीय कराराने लहरींचे काही पट्टे आले, ते रेडिओला बाजारभाव नव्हता त्या काळात. आज या पट्ट्यांवर इतरांचा डोळा आहे. २०१९ साली १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झचा पट्टा विमानवाहतुकीसाठीही विचारात घ्यावा, असा प्रस्ताव फ्रान्सने युरोपीय बैठकीत मांडला. जगभरच्या हौशी मंडळींनी ओरड केल्यावर तो मागे घेण्यात आला. अलीकडे मोबाइलसाठी प्रचंड उपग्रह सोडणाऱ्या एका अमेरिकी कंपनीने ४३० ते ४४० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर आपल्या उपग्रहांशी बोलायची परवानगी मागितली, तेव्हाही हरकतींचा पाऊस पडला. ज्यांच्याकडे वकिलांची फौज नाही, त्यांचे हत्यार एकच. आपली जागा वापरात ठेवणे. उपनगरात मुलांच्या खेळाचे मैदान काही महिने ओस पडले की तिथे काय उभे राहते, हे आपण पाहिलेले आहे. लहरींचेही तसेच होईल. वापरणारी, ऐकणारी, घडवणारी नवी माणसे आली नाहीत, तर उद्या हा पट्टा कोणाला का देऊ नये, असे विचारणाऱ्याला उत्तर उरणार नाही.

सुदैवाने जागा देणारे अजून आहेत. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा पूर्वी उपग्रह सोडून झाला की नुसता भंगार म्हणून फिरत राही. इस्रोने तोच प्रयोगांसाठी वापरायला दिला. १ एप्रिल २०१९ रोजी पीएसएलव्ही-सी ४५ च्या चौथ्या टप्प्यावर भारतीय हौशी उपग्रह संघटनेचे, ‘अ‍ॅमसॅट इंडिया’चे, निरोप पुढे पाठवणारे यंत्र होते. ३० डिसेंबर २०२४ च्या सी ६० उड्डाणात कर्नाटकातल्या चिक्कबळ्ळापूरच्या एका अभियांत्रिकी संस्थेने हौशी रेडिओचे यंत्र त्याच जागी पाठवले. चौथ्या टप्प्यावर मिळालेली ही चौथी सीटच.

जागा मिळते, पण त्या जागेवर बसायला कोणीतरी यावे लागते. ते इंजिनिअरिंगला गेल्यावर अचानक उगवत नाही. त्याआधी कुठेतरी, नववी-दहावीत, घरातला जुना ट्रान्झिस्टर उघडून बसलेल्या मुलाला किंवा मुलीला कोणी ‘अभ्यास कर’ म्हणून उठवलेले नसते. सोल्डरचा वास घरभर झाला म्हणून ओरडलेले नसते. लॅमिंग्टन रोडला एखाद्या रविवारी कोणी काका किंवा मामा बरोबर गेलेला असतो. ‘प्रथम’ आणि ‘स्वयम्’ घडवणारी मुले अशाच घरांतून आली असणार.

आपल्या इमारतीतले असे कोणी पोर हातात मोजपट्टीची अँटेना घेऊन संध्याकाळी दारात उभे राहिले, ‘पंधरा मिनिटांसाठी गच्चीची चावी द्याल का’ म्हणाले, तर सेक्रेटरीसाहेबांनी घटनेतले कलम शोधत बसू नये. चावी द्यावी. जमल्यास बरोबर वर जावे. उपग्रह वेळेवर येतो, आणि तो कोणासाठी थांबत नाही.